अकरा हजार किलोमीटर आणि एक जिना

ती. अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलेली नाही. वाकलं की सरळ करायला दुसरं माणूस लागतं आणि आत्ता घरात मी एकटीच आहे. पण मनाने पार जमिनीला टेकले आहे असं समज.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत. माझा डावा गुडघा जिना चढताना बोलतो, उजवा उतरताना बोलतो, दोघे एकदम कधी बोलत नाहीत, म्हणून निभावतं. चिरंजीवांचं टक्कल आता पूर्ण झालं, सूनबाईंची शाळेतली नोकरी चालू आहे आणि नात कॉलेजात जाते असं ती म्हणते. तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या लेकाचा फोन आला होता. म्हणाला, मावशी, हाड छान जुळलंय, डॉक्टर म्हणतात खुशाल चाला, आई घरभर चालते, स्वयंपाकघरात तर मला उभं राहू देत नाही, पण जिन्यात पडल्यापासून जिना काही उतरलेली नाही. दारापर्यंत येते, कठड्याला हात लावते आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत जाते. वर्ष होत आलं म्हणे. मी या पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. थोरल्या बहिणीला शहाणपण शिकवायची आपल्या घरात रीत नाही. माझं अक्षर लागलं नाही तर मात्र बोल लावू नकोस. चौथीत शाळा सुटल्यावर मला गिरवायला तूच शिकवलंस, तेव्हा जे काही आहे ते तुझंच आहे.

तर आनंदाची बातमी अशी की मी तुझ्याकडे येतेय. (आधी खाली बस, मग पुढचं वाच.) तू लेकाकडे राहायला गेलीस त्यानंतर आपण एकमेकींना पाहिलेलंच नाही. फोनवर चित्र दिसतं म्हणतात, पण तू तो फोन असा धरतेस की मला तुझं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. पंख्यावर धूळ साचली आहे, तेवढी लेकाला सांग. असं कपाळ बघून किती दिवस काढायचे? मध्यंतरी मनात आलं, आपणच उठावं आणि जावं. दोघींतली एक तरी हलली पाहिजे.

आधी तुझं शहर किती लांब आहे ते काढायला घेतलं, कारण इतकी वर्षं आपण नुसतं 'लांब' म्हणतो, पण लांब म्हणजे किती हे कोणी मोजलं नव्हतं. साधा प्रश्न, पण एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ. चिरंजीव म्हणाले, अकरा हजार किलोमीटर. तिकिटांच्या दुकानातल्या बाईला विचारलं तर ती किलोमीटरची भाषाच बोलत नाही, म्हणाली तेरा तास. मी म्हटलं, बाई, मी लांबी विचारतेय. तर पुन्हा तेरा तास. म्हणजे कापड किती लांब आहे असं विचारावं आणि दुकानदाराने ते शिवायला किती दिवस लागतील ते सांगावं, तसं झालं. मग नातीने फोनवर नकाशा काढला. त्यात आमच्यापासून तुझ्यापर्यंत रेघ ओढलेली, पण ती कमानीसारखी वाकडी. मी म्हटलं, सरळ का जात नाहीत, पेट्रोल फुकट मिळतं का यांना? ती म्हणाली, आजी, पृथ्वी गोल आहे, नकाशात वाकडं दिसतं तेच खरं जवळ पडतं. मला लगेच पटलं. आपली आत्या आठव. जन्मात एक गोष्ट सरळ बोलली नाही आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या आधी पोचलेली असायची.

वेळेचं तर विचारूच नकोस. विमान इथून पहाटे पाचला निघतं, तेरा तास उडतं आणि तुझ्याकडे पोचतं त्याच दिवशी सकाळी दहाला. मी बोटांवर मोजून पाहिलं, तर बोटं उरली. चिरंजीवांनी सांगितलं की तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा आठ तास मागे आहे. तेवढं मला माहीत होतं (मी दुपारचा चहा घेताना फोन करते तेव्हा तू सकाळचा घेत असतेस), पण ते आठ तास प्रवासात असे पदरात पडतात हे माहीत नव्हतं. म्हणजे एकच सकाळ मला दोनदा मिळणार. चिरंजीव म्हणाले, परत येताना ते तास काढून घेतात. घेईनात का. तोवर वापरून झालेले असतील.

आता अडचण चिरंजीवांची. ते दुकानदारांची वजनं-मापं तपासायच्या सरकारी खात्यात आहेत हे तुला ठाऊकच आहे. सगळा जन्म दुसऱ्याच्या तराजूत खोट शोधण्यात गेला, त्यामुळे मोजून घेतल्याशिवाय त्यांचा सख्ख्या आईवरही विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, आई, तू एका जागी टिकतच नाहीस. मालिका बघताना जाहिरात लागली की तू तिन्ही खोल्या फिरून येतेस. तिथे तेरा तास पट्टा बांधून बसायचंय, आणि मधे कंटाळा आला म्हणून 'थांबवा, उतरते' म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, बसेन. ते म्हणाले, बसून दाखव. मी म्हटलं, दाखवते. बसून दाखवलं तर तिकीट, असं सूनबाईंसमोर ठरलं. (सूनबाई शाळेत परीक्षेच्या वेळी वर्गावर लक्ष ठेवायला असतात, त्यांच्यासमोर ठरलेलं फिरवता येत नाही.) आणि मी बसले तर सोबतीला आपणही येणार, असं चिरंजीवांनी वर जाहीर केलं.

रविवारी पहाटे बैठकीच्या खोलीत विमान तयार झालं. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या चिरंजीवांनी दोरीने एकमेकींना बांधल्या. दोन खुर्च्यांत किती जागा असते ते त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं, त्या मापाने पुढे पुस्तकांचं कपाट सरकवलं, असं की माझे गुडघे बरोबर शब्दकोशाला टेकत होते. मी विचारलं, विमानात समोर कपाट असतं का? म्हणाले, समोर माणसाचं डोकं असतं. मी म्हटलं, मग कपाटच बरं. पडदे ओढून त्यांना पिना लावल्या, कारण विमानात खिडक्या बंद ठेवतात. सगळ्यांचे फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात घातले, डबा स्वयंपाकघरात वर ठेवला. भिंतीवरचं घरचं घड्याळही उतरवलं, म्हणजे मी सारखी आपली वेळ बघून उसासे टाकणार नाही. पट्टा म्हणून चिरंजीवांचे दोन कमरेचे पट्टे जोडले. त्यातला एक लग्नातला होता. तो त्यांना स्वतःला कुठवर पुरतो ते त्यांनी एकदा लावून पाहिलं आणि लगेच माझ्याकडे दिला.

तीन खुर्च्या, तर तिसऱ्या खुर्चीत कोणीतरी परकं माणूस पाहिजे, असं चिरंजीवांचं मत. घरच्या माणसाशेजारी कोणीही बसेल, खरी परीक्षा परक्याशेजारी. म्हणून खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना बोलावलं. यांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, एकटेच असतात, रविवारी त्यांना काही काम नसतं. दोन वेळचं जेवण मिळणार म्हटल्यावर ते जगाच्या कुठल्याही टोकाला यायला तयार झाले. येताना दुकानातलं एक भलं देखणं घड्याळ घेऊन आले, लंबक असलेलं. ते तुझ्या शहराच्या वेळेवर लावून भिंतीवर टांगलं. खिडकीला मी, मधे घड्याळजी, कडेला चिरंजीव.

त्याआधी माझी तपासणी झाली. सूनबाईंनी माझी पर्स टेबलावर उलटी केली. सुई, कातर, नेलकटर, तेलाची बाटली आणि लिंबू कापायची लहान सुरी असं सगळं काढून घेतलं. सुरी कशाला लागते असं विचारलं. मी म्हटलं, लिंबू कापायला. लिंबू कुठाय? लिंबू नव्हतं. अक्का, माणूस अशाने चोर नसला तरी चोर दिसायला लागतो. मग नातीने नाक दाबून घोषणा केली की आपण निघालो आहोत, आणि तिने माझ्या खुर्चीची पाठ धरून मागे कलती केली. आपलं घर, आपली खुर्ची, मागे आपलीच नात. तरी मी डोळे मिटून घेतले. पण मी बसले.

पहिले काही तास फार मजेत गेले. घड्याळजींनी त्यांच्या पित्ताची सगळी हकिकत सांगितली, अगदी सुरुवातीपासून, त्यांच्या वडिलांच्या पित्तापासून. मी माझे गुडघे सांगितले. मधे खुर्चीच्या एका हातावर कोपर कोणाचं यावरून आमची थोडी ओढाताण झाली. मी कोपर काढलं की ते ठेवायचे, त्यांनी काढलं की मी. बोललो मात्र कोणीच नाही, अगदी खऱ्या विमानासारखं. सूनबाई इस्त्रीच्या टेबलावर ताटं मांडून ते ढकलत आल्या. इतकुशा वाट्या, थंडगार पाव, लोण्याची वडी, आणि सगळ्यावर चांदीचा कागद. मी दुसरा चहा मागितला तर म्हणाल्या, चहा जेवणाबरोबरच मिळतो. वीस वर्षांत या बाईने मला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी कशी गोड हसून नाही म्हणाली! हौस बऱ्याच दिवसांची असणार. मग नातीने, आता हवा खराब आहे, असं सांगून तिन्ही खुर्च्या गदागदा हलवल्या. मला झोपाळ्यासारखं बरं वाटलं. घड्याळजींना खरोखर मळमळलं आणि त्यांचं लोणी मी खाल्लं.

याच सुमारास गॅसच्या सिलेंडरवाल्याने बेल वाजवली. सूनबाई आंघोळीला गेलेल्या. चिरंजीव म्हणाले, उडत्या विमानाचं दार उघडत नसतात. तो बेल दाबतोय, हे दार उघडत नाहीत. शेवटी मी बसल्या जागेवरून ओरडले की आम्ही वर आहोत, नंतर या. तो बिचारा सिलेंडर खांद्यावर घेऊन गच्चीवर गेला. गच्चीवर कोणी नाही. खाली आला तेव्हा त्याने जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही, तुझा लेक हे पत्र वाचेल. सिलेंडर त्याने दाराबाहेर आदळला, पुन्हा एकदा बेलवर बोट ठेवून उभा राहिला, आणि मग गेला. चिरंजीवांनी उठून बेलची वायरच काढून टाकली. म्हणाले, आता उतरेपर्यंत कोणी वाजवलं तरी दार उघडायचं नाही. नातीला तेवढं मैत्रिणीकडे जायचं होतं म्हणून पटकन बाहेर सोडली. जाताना ती म्हणाली, आजी, सहा वाजता तू उतरशील तेव्हा तुला न्यायला मी दाराशी उभी असेन.

दुपारी मात्र खरी परीक्षा झाली, पण माझी नाही. मी खुर्चीत पाय थोडे हलवत, तुझ्याशी काय काय बोलायचं ते मनात लावत बसले होते. त्यातच माझी एक झोप झाली. घड्याळजींची तर माझ्या खांद्यावर झाली. जागी होऊन पाहते तर कडेची खुर्ची रिकामी. चिरंजीवांची पाठ धरली होती. आधी ते घरातल्या बोळात येरझाऱ्या घालत होते, मग भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि शेवटी दोन खुर्च्यांपलीकडे जमिनीवर सपशेल आडवे झाले. विमानात असं आडवं होता येत नाही हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण आईने सगळंच बोलून दाखवायचं नसतं. घड्याळजी बोलले.

घड्याळ सावकाश पुढे जात होतं. मला वाटलं, बसून राहिलं की वेळ असाच लांबतो. मधेच कोणीतरी दार ठोठावायला लागलं. थांबून थांबून, बराच वेळ. चिरंजीव जमिनीवरूनच म्हणाले, सिलेंडरवाला असेल, पैसे मागायला आला असेल, विमान उतरल्यावर बघू. सूनबाई म्हणाल्या, फार जोरात ठोठावतोय. चिरंजीव म्हणाले, ठोठावू दे. तो नियम त्यांचाच होता आणि खात्यात नियम मोडायची त्यांना सवय नाही. अखेर भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, म्हणजे तुमचे सकाळचे, म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा. चिरंजीवांनी जमिनीवर पडल्या पडल्या, आपण उतरलो, असं सांगितलं. सूनबाईंनी माझा पट्टा सोडला. मी उठले, अक्का! दोन्ही गुडघे एकदम बोलले, पण उभी राहिले.

पडदे काढले तर बाहेर मिट्ट काळोख. सहाला एवढा अंधार कसा? बिस्किटांचा डबा काढला, फोन चालू केले, तर आठ वाजत आले होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळजींनी आपलं घड्याळ भिंतीवरून उतरवलं, कानाला लावलं, आणि जराही न लाजता म्हणाले,

"हे मागे पडतं हो. त्याचसाठी तर दुरुस्तीला आलंय."

चिरंजीवांना पाठीचं दुखणं विसरून हिशोब सुचला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही तुझ्या शहरावरून पुढे दीड-एक हजार किलोमीटर गेलो होतो, आणि नकाशात तिथे नुसतं पाणी आहे. ज्याने आख्ख्या बाजाराची मापं तपासली त्याच्या घरात खोटं माप निघावं, यावर सूनबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी म्हटलं, ते काही असो, तुम्ही तेरा तास म्हणालात, मी पंधरा बसले. वरचे दोन परत येतानाच्या प्रवासात धरा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दार उघडलं, तर बाहेर सिलेंडर, आणि सिलेंडरशेजारी जिन्याच्या पायरीवर नात बसलेली. ठोठावून ठोठावून तिची बोटं लाल झाली होती. मांडीवर बुटांच्या खोक्याचं झाकण, त्यावर रंगीत पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आजी'. विमानतळावर माणसं अशी पाटी घेऊन उभी असतात म्हणे. सहापासून ती तिथे होती. बापाच्या नावाने पोरगी आता काय काय बोलते असं मला वाटलं, पण ती मला बघून उठली, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि म्हणाली,

"आलीस? किती वेळ वाट बघतेय."

आणि मला रडू कोसळलं बघ. पंधरा तास डोळा ओला झाला नाही, आणि आपल्याच दारात, आपल्याच नातीसमोर, सिलेंडरला धरून रडले. तिला वाटलं मी दमले. मी दमले नव्हते. एवढं उडून गेल्यावर दाराशी कोणीतरी आपली वाट बघत उभं असतं, हे मला त्याआधी कळलंच नव्हतं. मी सगळा विचार बसण्याचा केला होता, उतरल्यावरचा केलाच नव्हता.

तर निकाल असा. मी पास. चिरंजीव नापास, ते सोबत येत नाहीत, त्यांना डॉक्टरांनी आठवडाभर फळीवर झोपायला सांगितलंय. मी एकटी येईन. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, कोणीतरी ढकलत नेतं. आधी मी म्हटलं, मला काय झालंय खुर्चीत बसायला? मग कळलं की खुर्चीवाल्यांना रांगेतून पुढे काढतात आणि सगळ्यांच्या आधी आत सोडतात. तेव्हा हो म्हटलं. विमानाची मला काडीचीही भीती वाटत नाही. तुझा लेक मला न्यायला येईन म्हणाला आहे, तू काही काळजी करू नकोस. तुझ्यासाठी मी विणलेला पायमोज्यांचा जोड आणते, एक थोडा मोठा झालाय, तो सुजेल त्या पायात घाल. लेकाला आशीर्वाद सांग. पंख्याचं सांग. पत्र पाठवायच्या आधी नात वाचून शुद्ध करणार आहे, तरी कुठे चुकलं असेल तर तुझ्याच शिकवणीत मोजावं.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र वाचून झालं, शुद्ध झालं, आणि नात लिफाफा आणायला खाली गेली आहे. आता हे तिच्या मागे लिहितेय, म्हणून अशुद्ध आणि खरं. विमानाची काडीचीही भीती नाही असं वर लिहिलंय ते तिने वाचावं म्हणून. भीती वाटते. बैठकीच्या खोलीत खुर्ची कलती झाली तेव्हा मी घड्याळजींचा हात धरला होता. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, भला माणूस आहे. (त्यांना वाटलं मी कोपरासाठी भांडतेय.)

ता. क. दुसरा. तिकीट अजून काढलेलं नाही. चिरंजीव त्याच संध्याकाळी काढायला निघाले होते, शब्दाचे पक्के आहेत, मीच थांबवलं. तुझा लेक न्यायला येणार हे ठीक आहे, गुणी मुलगा आहे, पण मी अकरा हजार किलोमीटर भीत भीत यायचं ते त्याचं तोंड बघायला नाही. विमानतळाच्या दाराशी तू उभी पाहिजेस. आपल्या जुन्या घरी माळ्यावर शिडीने चढून मी वर अडकले होते आणि उतरता येईना म्हणून भोकाड पसरलं होतं, आठवतं? तू खाली उभी राहिलीस. वर आली नाहीस, कोणाला बोलावलं नाहीस. नुसती म्हणालीस, खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ, आणि एक पाय टाक. आता तू वर आहेस, अक्का. मी खाली उभी राहायला येतेय, पण मला तिथवर पोचवायचं तर आधी तुलाच एक पाय टाकावा लागेल. मोठा गुंता आहे, पण चूक माझी नाही, एवढ्या लांब राहायला तू गेलीस.

ता. क. तिसरा. सराव केल्याशिवाय काही होत नाही, हे मी बसून शिकले. तूही कर. पहिल्या दिवशी नुसतं दार उघड, खुर्ची बाहेर टाक आणि जिन्याकडे तोंड करून बस. मग एखाद्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत. लेकाला शेजारी घे, पण खांद्यावर झोपू देऊ नकोस. आणि त्या वेळेला गॅसवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. ज्या दिवशी तू खाली फाटकाशी उभी राहशील त्या दिवशी लेकाला फोन करायला सांग. त्याच दिवशी इथे तिकीट निघेल. फोन तुझ्याच हातात धर, पण या वेळी जरा खाली धर, कपाळ नको, फाटक दिसू दे. चिरंजीवांना पुरावा लागतो.

ता. क. चौथा. नातीच्या फोनवर तुझ्या घरापासून विमानतळापर्यंतचं अंतर बघितलं. गाडीने अर्धा तास दाखवतो. मी विचारलं, यात जिना धरलाय का? ती म्हणाली, नाही आजी, फोन फाटकापासून मोजतो. म्हणजे बघ, आपल्या दोघींमधला सगळा रस्ता कोणी ना कोणी मोजून ठेवलाय, तेवढा जिनाच राहिलाय. तो तू मोज.

नात आली. लिफाफा मोठाच आणायला सांगितला होता, कारण ते खोक्याचं झाकण घडी करून यात घालतेय. 'आजी' लिहिलेली बाजू तुझ्या कामाची नाही, पण मागची कोरी आहे. त्यावर 'धाकटी' असं लिही आणि मी बाहेर येईन तेव्हा दोन्ही हातांनी वर धर. मला शिकवताना सांगायचीस तसं, अक्षर मोठं काढ. गर्दीत माझा चष्मा पर्समध्येच असतो.